कोकण-गोव्याला जाताना हॉटेल, घरगुती मुक्काम की भाड्याचा बंगला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात आणि गोव्यात कुठे उतरावं, हे मी गेली बारा-तेरा वर्षं ओळखीच्यांना आणि त्यांच्या ओळखीच्यांना सांगत आले आहे. दिवाळी, नाताळ आणि मे महिना जवळ आला की तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक सांगितला आहे.

१. होमस्टे, व्हिला, भाड्याचा फ्लॅट, लॉज… या सगळ्यांत नेमका फरक काय?

मालक किंवा त्याचा माणूस रात्री कुठे झोपतो, यावरून ओळखायचं. हॉटेलात आणि लॉजमध्ये काउंटरवर पगारी माणूस असतो. तुमच्या खोलीत काही बिघडलं तर ते बघणं त्याचं कामच असतं. एमटीडीसीची, म्हणजे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची, गणपतीपुळे, तारकर्ली, वेळणेश्वर, हरिहरेश्वर इथली निवासस्थानं याच गटात येतात.

होमस्टे म्हणजे कोकणातल्या पाट्यांवर लिहिलेली असते ती ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’. कुटुंब त्याच घरात किंवा त्याच आवारात राहतं आणि काही खोल्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या असतात. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या होमस्टे योजनेतही मालकाने तिथे राहण्याची अट आहे आणि खोल्यांची मर्यादा १ ते ६ आहे. व्हिला किंवा बंगल्यात अख्खं घर तुमच्या ताब्यात येतं. मालक बहुतेक वेळा मुंबई-पुण्यात असतो आणि गावात एक केअरटेकर असतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये तर कधी कधी तोही नसतो. दाराजवळच्या पेटीत किल्ली असते आणि पेटीचा नंबर मेसेजवर येतो.

अडचण अशी की अ‍ॅपवर यातलं काहीही ‘होमस्टे’ म्हणून दिसतं. त्यामुळे बुकिंगआधी सरळ विचारा, ‘तुम्ही स्वतः तिथे राहता का?’

२. इतके पर्याय बघून गोंधळ होतो. ठरवायचं कसं?

मी एकच प्रश्न आधी विचारते: रात्री अकराला पाणी गेलं तर कोण येईल? त्याचं उत्तर मिळालं की भाडं, समुद्राचं अंतर, फोटो हे सगळं नंतर बघता येतं.

हे मी अनुभवातून शिकले. काही वर्षांपूर्वी अलिबागजवळ आम्ही अकरा जण एका बंगल्यात उतरलो होतो. घर देखणं होतं, अंगणात झोपाळा, मागे नारळीची वाडी. रात्री टाकी रिकामी झाली. केअरटेकरचा फोन बंद, आणि मोटरचं बटण मागच्या भिंतीवर कुलूप लावलेल्या पेटीत. पहाटे सहाला माझी आत्या, वय ७४, बाथरूमच्या दाराशी रिकामी बादली धरून उभी होती. पिण्यासाठी आणलेल्या बाटल्या ओतून आम्ही तिला तांब्याभर पाणी दिलं. केअरटेकर साडेआठला सायकलवरून आला. त्या भागातले सात बंगले त्याच्या एकट्याच्या हाती होते. त्याच्यावर रागावणं मला जमलं नाही, पण मालकाने हे आधी सांगायला हवं होतं.

तेव्हापासून बंगला घ्यायचा तर मी तीन गोष्टी विचारते: केअरटेकर रात्री आवारात झोपतो का, मोटर कुठे आहे, आणि वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय काय चालतं. समोरचा टाळाटाळ करू लागला तर मी ते घर सोडून देते.

३. आम्ही दोघंच, दोन रात्रींसाठी जाणार. काय घ्यावं?

हॉटेल किंवा घरगुती खोली. दोघांसाठी अख्खा बंगला घेण्यात पैसा वाया जातो, आणि संध्याकाळी सात वाजता सगळीकडे सामसूम झाली की मोठं घर अंगावर येतं. गोव्यात समुद्राजवळच हवं असेल आणि रात्री उशिरा परतायचं असेल तर हॉटेल सोयीचं. घरगुती ठिकाणी साडेदहाला फाटक लागतं आणि काकूंना तुमच्यासाठी जागं ठेवणं बरं नाही.

४. आम्ही दहा-बारा जण आहोत. व्हिला स्वस्तच पडणार ना?

दर वेळी नाही. समजण्यासाठी काही आकडे धरू. १० जण, २ रात्री. हॉटेलच्या ५ खोल्या प्रत्येकी ३,५०० रुपये रोज, म्हणजे ३५,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी धरून ३६,७५०. बंगला १६,००० रुपये रोज, म्हणजे ३२,०००. पण त्यावर १८ टक्के कर लागला तर ३७,७६०.

कराचं असं आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. आधी ७,५०० पर्यंत १२ टक्के होता. अख्खा बंगला एकच जागा म्हणून दिला की त्याचं भाडं ७,५०० च्या वर जातं आणि मोठा दर लागतो. हॉटेलच्या पाच खोल्या मात्र वेगवेगळ्या मोजल्या जातात. हा फरक फार कमी लोकांच्या लक्षात येतो.

शिवाय हॉटेलच्या दरात बहुतेक ठिकाणी सकाळचा नाश्ता धरलेला असतो. बंगल्यात स्वयंपाकाच्या बाईंचे पैसे, वाणसामान, सफाईचे पैसे, ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसांचे माणशी पैसे आणि कधी जनरेटरचं डिझेल, हे सगळं वेगळं असतं. हे आकडे लिहून घेतल्याशिवाय तुलना करू नका. चौदा-पंधरा माणसं झाली की बंगल्याचं गणित जुळायला लागतं, दहाला ते काठावर असतं.

तरीही मी मोठ्या कुटुंबाला पुष्कळदा बंगला सुचवते, कारण हॉटेलात सगळे आपापल्या खोल्यांत जाऊन दारं लावून घेतात. रात्री एकाच ओसरीवर गाद्या टाकून पत्त्यांचा डाव मांडायचा असेल, पोरांना आजीच्या कुशीत झोपवायचं असेल, तर दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील. फक्त ते जास्त जाणार आहेत हे आधी माहीत असू द्या.

५. छोट्या घरगुती ठिकाणी जीएसटी लागत नाही असं सांगतात. खरं आहे का?

बहुधा खरं असतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला साधारणपणे नोंदणी करावी लागत नाही. अशा घरी थेट बुकिंग केलं तर कर लागत नाही. तेच घर अ‍ॅपवरून घेतलं तर मात्र कर लागतो, कारण नोंदणी नसलेल्या मालकाच्या वतीने तो भरण्याची जबाबदारी कायद्याने अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीवर टाकलेली आहे. एकाच खोलीचे दोन दर दिसतात त्याचं हे एक कारण. अ‍ॅपचं कमिशन हे दुसरं.

६. घरगुती ठिकाणी जेवण कसं असतं? हॉटेलसारखं मेनूकार्ड मिळतं का?

मेनूकार्ड नसतं आणि तेच त्यातलं सुख आहे. देवबागला मी ज्या घरी उतरते तिथल्या काकी सकाळी नऊच्या सुमाराला पडवीत येऊन विचारतात, ‘दुपारी काय करू, बांगडे की सौंदाळे?’ मग वाटपाचा नारळ फोडल्याचा आवाज येतो, तिरफळांचा वास येतो, आणि दीड वाजता ताट समोर येतं: भात, तिखलं, तळलेला मासा, एखादी पालेभाजी, वाटीभर सोलकढी. दुसऱ्या दिवशी सांगून ठेवलं तर कोंबडी-वडे. सकाळी घावणे नाहीतर आंबोळी.

या पद्धतीचे काही नियम आहेत. किती जण जेवणार हे वेळेत सांगायचं, रात्रीचं दुपारीच. सांगून न येणं हा त्या घरातल्या बाईच्या कष्टांचा अपमान आहे. तिने मासळी त्या माणसांसाठीच आणलेली असते. जेवणाचे पैसे माणशी वेगळे आहेत की खोलीत धरलेत हे आधी विचारा.

सगळी घरं मासे करत नाहीत. गुहागर, आंजर्ले, दिवेआगर भागात कित्येक घरी फक्त शाकाहारी जेवण असतं, केळीच्या पानावर, आणि आदल्या दिवशी सांगितलं तर उकडीचे मोदक. तिथे बाहेरून मासे किंवा दारू आणायची नाही, ही अट पाळा. पटत नसेल तर दुसरीकडे उतरा. मासे करणाऱ्या घरीसुद्धा सोमवार, गुरुवार, संकष्टी किंवा श्रावण बघून विचारून घ्या. तारकर्लीला सोमवारी पोहोचून हिरमुसलेले पाहुणे मी पाहिले आहेत.

ज्यांना रोज वेगळं, स्वतःच्या वेळेला आणि निवडून खायचं आहे त्यांना हॉटेल बरं. लहान मुलांचं खाणं वेगळं शिजवावं लागत असेल तर ओटा असलेला फ्लॅट उत्तम.

७. आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांच्यासाठी काय चांगलं?

फोटोत दिसत नाही ते विचारा. कमोड आहे का, खोली तळमजल्यावर आहे का, बाथरूमला उंबरठा किती उंच, गाडी दारापर्यंत जाते का. जांभ्या दगडाच्या पायऱ्या फोटोत सुंदर दिसतात, पण पावसात शेवाळ धरतात आणि त्यांना कठडा क्वचित असतो. ‘समुद्रापासून दोन मिनिटं’ म्हणजे वाळूतून दोन मिनिटं, गुडघ्यांना ती वीस वाटतात.

दवाखान्याचं अंतर बघा. गुहागरहून मोठ्या रुग्णालयासाठी चिपळूण गाठायचं तर ४० किलोमीटरच्या वर घाटवळणं आहेत. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी अशा गावाजवळ मुक्काम ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन्हीकडे चालतो.

माझं मत विचाराल तर पालकांसोबत पहिली पसंती मालक राहत असलेल्या घराला, दुसरी हॉटेलला. निर्मनुष्य बंगला शेवटी. माझ्या वडिलांना एकदा रात्री ताप आला तेव्हा त्या घरच्या दादांनी विचारायच्या आत गाडी काढली होती.

८. आमच्यासोबत ड्रायव्हर आहे. त्याची सोय कुठे होते?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. बहुतेकांना तो पोहोचल्यावर आठवतो आणि मग ड्रायव्हर गाडीत काचा खाली करून डासांत झोपतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस तुम्हाला घाटातून नेणार असतो. मोठ्या हॉटेलांत ड्रायव्हरसाठी सामायिक खोली असते, पण सुट्ट्यांत ती भरलेली असते. घरगुती ठिकाणी आधी सांगितलं तर पडवीत गादी, पंखा आणि जेवण मिळतं. बंगल्यात केअरटेकरच्या खोलीत सोय होते का ते विचारा. कुठेच नसेल तर जवळच्या लॉजवर एक खोली घ्या आणि तो खर्च सहलीच्या हिशेबात धरा.

९. गाडी उभी करायला जागा आणि तिची जबाबदारी कोणाची?

हॉटेलच्या माणसाकडे किल्ली दिली आणि त्याने गाडी लावली, तर ती सांभाळायची जबाबदारी हॉटेलवर येते. ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असं पावतीवर छापलं म्हणून हॉटेलला निष्काळजीपणातून हात झटकता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिल्लीतल्या एका हॉटेलमधून चोरीला गेलेल्या गाडीच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. घरगुती ठिकाणी आणि बंगल्यात तुम्ही गाडी स्वतः लावता, तिथे हे लागू पडेल असं धरू नका. गोव्यातल्या अरुंद वाड्यांमध्ये भाड्याच्या फ्लॅटखाली जागा आहे का, हे नक्की विचारा.

१०. कोकणकन्या सकाळी पोहोचते आणि चेक-इन दुपारी दोनला. मधल्या वेळेत काय करायचं?

रात्री मुंबईहून निघालेली कोकणकन्या सकाळी कुडाळला उतरवते, आणि हॉटेलची खोली बारा ते दोनच्या आधी मिळत नाही. हॉटेलात सामान ठेवून घेतात, कधी अंघोळीला एखादी खोली देतात. घरगुती ठिकाणी आदल्या रात्री खोली रिकामी असेल तर आठलाच दार उघडतात आणि चहाही समोर येतो. भाड्याच्या फ्लॅटची अडचण सर्वांत मोठी, कारण सामान ठेवून घ्यायलाही तिथे माणूस नसतो. निघायच्या दिवशीही तेच. सकाळी अकराला दार ओढून घ्यायचं आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत बॅगा ओढत फिरायचं. रेल्वेने जाणाऱ्यांनी फ्लॅट टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे.

११. अ‍ॅपवरून बुकिंग करावं की थेट फोनवर?

ओळखीच्या किंवा खात्रीच्या माणसाने सांगितलेल्या घरी थेट फोन करा. तुम्हाला स्वस्त पडतं आणि पैसे सगळे त्या घरात जातात. वेळाससारख्या गावी तर फोनवरच काम होतं. मंडणगड तालुक्यातल्या या गावात फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात आणि गावकऱ्यांच्या घरीच राहतात-जेवतात.

अनोळखी जागा, मोठी रक्कम किंवा परदेश असेल तर अ‍ॅप बरं. पैसे मधल्या कंपनीकडे असतात, तक्रार करायला जागा असते, आणि मेसेज लेखी राहतात. अ‍ॅपवर जागा बघून ‘बाहेरून पैसे द्या, स्वस्त देतो’ असं मालक म्हणाला तर ते संरक्षण संपतं. फसवणूक करणारेही हेच वाक्य वापरतात. पहिल्या खेपेला अ‍ॅपवरूनच घ्या. घर आवडलं, माणसं आवडली, की पुढच्या वर्षी थेट फोन.

१२. खोट्या व्हिलाच्या जाहिराती कशा ओळखायच्या?

दर आजूबाजूच्या घरांच्या निम्मा, ‘आजच पैसे भरा, दुसरी पार्टी थांबली आहे’ अशी घाई, आणि व्हिडिओ कॉलला नकार. या तीनपैकी दोन गोष्टी दिसल्या की थांबा. घर चालू कॉलवर दाखवायला सांगा: फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत. खरा केअरटेकर हे पाच मिनिटांत करतो. फोटो इंटरनेटवर शोधून बघा, तोच बंगला तीन नावांनी तीन गावांत निघतो. नकाशावरचा फोन नंबरही बदललेला असू शकतो, म्हणून हॉटेलचा नंबर त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या.

परतावा मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे गेले. फसगत झाली तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

१३. अ‍ॅडव्हान्स आणि डिपॉझिट किती द्यावं? रद्द केलं तर पैसे परत मिळतात का?

घरगुती ठिकाणी एक रात्रीचं भाडं किंवा एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्शाइतका अ‍ॅडव्हान्स मला रास्त वाटतो. छोट्या घराला तुमच्या एका रद्द बुकिंगचा फटका मोठा बसतो, त्यामुळे नाताळच्या आठवड्यातलं बुकिंग ऐन वेळी रद्द करून सगळे पैसे परत मागू नयेत. किती दिवस आधी कळवलं तर किती परत, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

बंगल्याचं डिपॉझिट वेगळं असतं आणि वाद तिथेच होतात. आत शिरल्या शिरल्या सामान उतरवायच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा: फुटलेली फरशी, चादरीवरचे डाग, टीव्हीचा कोपरा. निघताना पुन्हा काढा आणि केअरटेकरसमोर तो मालकाला पाठवा.

१४. आधार कार्ड द्यावंच लागतं का?

ओळखपत्र द्यावं लागतं, ते आधारच हवं असं नाही. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधारच द्यायचं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून द्या. झेरॉक्सवर तारीख आणि ‘फक्त मुक्कामासाठी’ असं लिहा. जिथे ओळखपत्रच मागत नाहीत तिथे मी उतरत नाही. शेजारच्या खोलीतल्यांचंही कोणी विचारलेलं नसतं.

१५. आमचं लग्न झालेलं नाही. खोली मिळेल का?

दोघंही सज्ञान असाल तर एका खोलीत राहायला मनाई करणारा कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोइंबतूरच्या एका सर्व्हिस अपार्टमेंटच्या प्रकरणात हे स्पष्ट म्हटलं आहे. प्रत्यक्षात काही लॉज स्वतःच्या नियमाने नकार देतात आणि स्थानिक ओळखपत्र असेल तर हमखास नकारच देतात. बुकिंग करतानाच सांगून टाका, म्हणजे रात्री काउंटरवर वाद नको. घरगुती ठिकाणी घरच्या वडीलधाऱ्यांना अवघडल्यासारखं होऊ शकतं. ते त्यांचं राहतं घर आहे, तेव्हा नकार आला तर मनाला लावून घेऊ नका. तरुण मालक असलेली घरं आणि हॉटेलं भरपूर आहेत.

१६. बहीण अमेरिकेहून येते आहे, तिचा पासपोर्ट तिकडचा आहे. होमस्टेवाले का कांकू करतात?

कारण परदेशी पासपोर्टवरचा पाहुणा उतरला की त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवणं मालकावर बंधनकारक आहे. लोक त्याला अजून ‘सी फॉर्म’ म्हणतात. हॉटेलांना सवय असते, छोट्या घरांना नसते. बहीण मराठी बोलते, तिच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे, तरी पासपोर्ट परदेशीच राहतो. बुकिंग करताना आधी सांगा आणि पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआयच्या प्रती तयार ठेवा. हे काम जमत नसलेल्या घरी आग्रह धरू नका, दंडाची टांगती तलवार त्यांच्यावर असते.

१७. गोव्यात सोसायटीतला फ्लॅट घेतला आहे. काही तपासावं का?

दोन गोष्टी. गोव्यात पर्यटकांना भाड्याने जागा द्यायची तर १९८२ च्या कायद्यानुसार पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, तिचा क्रमांक मागा. दुसरं, सोसायटीची पर्यटकांना हरकत आहे का. मालक ‘वॉचमनला माझा पाहुणा म्हणून सांगा’ असं म्हणाला तर समजा की आहे, आणि फाटकावर अडवलं तर ते ऐकून घेण्याची पाळी तुमच्यावर येणार. हे शेजारी तिथे वर्षभर राहतात. रात्री दीडला जिन्यात बॅगा आपटणाऱ्या अनोळखी माणसांचा त्यांना खरोखर त्रास होतो. महिनाभर घरून काम करायला जात असाल तर मात्र फ्लॅटच घ्या, आधी इंटरनेटचा वेग आणि वीज गेल्यावरची सोय विचारून.

१८. व्हिलात स्विमिंग पूल आहे. मुलं लहान आहेत. घ्यावा का?

खासगी बंगल्यात जीवरक्षक नसतो, बहुतेक ठिकाणी कुंपणही नसतं, आणि हॉलचं सरकतं दार थेट पाण्याकडे उघडतं. पाच वर्षांखालची मुलं असतील तर मी नको म्हणते. घेतलाच तर एका वेळी एका मोठ्या माणसाने मोबाइल बाजूला ठेवून फक्त पाण्याकडे बघायचं, अशी पाळी लावा. सगळे असतात तेव्हा कोणीच बघत नसतं. पूलमध्ये उतरताना दारू नको, आणि रात्री दाराला आतून कडी.

१९. खोलीत छुपा कॅमेरा असण्याची भीती वाटते.

एअरबीएनबी या बुकिंग अ‍ॅपने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरा लावायला पूर्ण मनाई केली आहे. फाटकावर किंवा अंगणात असेल तर तो आधी सांगावा लागतो. इतरत्र विचारून लेखी घ्या. आत गेल्यावर पलंगाकडे आणि न्हाणीघराकडे तोंड असलेले चार्जर, घड्याळं आणि धुराचे सेन्सर बघा. शंका आली तर त्याला हात न लावता फोटो काढा, बाहेर पडा आणि ११२ वर पोलिसांना कळवा.

२०. पावसाळ्यात किंवा गणपतीत गेलं तर?

पावसाळ्यात दर उतरतात आणि कोकण हिरवंगार असतं, पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, समुद्रातले खेळ बंद असतात, आणि जून-जुलैत मासेमारीला बंदी असल्याने ताटात ताजी समुद्राची मासळी कमी. वीज वारंवार जाते, म्हणून मालक जवळ असलेली जागाच घ्या (प्रश्न २). गणपतीत बरीच घरं पाहुणे घेत नाहीत, त्यांच्या स्वतःच्या घरात मुंबईची माणसं आलेली असतात. तेव्हा हॉटेल किंवा एमटीडीसी, आणि रेल्वेचं तिकीट आधी.

२१. ऑफिसला बिल द्यायचं आहे.

मग हॉटेल घ्या. जीएसटी क्रमांक असलेलं बिल घरगुती ठिकाणी मिळेलच असं नाही (प्रश्न ५), आणि काकूंनी वहीच्या पानावर लिहून दिलेली पावती लेखा विभाग परत पाठवतो. हॉटेलच्या बिलात न विचारता सेवाशुल्क लावलं असेल तर ते काढायला सांगता येतं. ते ऐच्छिकच असायला हवं, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये बजावलं आहे.

२२. पोहोचल्यावर जागा फोटोपेक्षा वेगळी निघाली. काय करावं?

सामान उघडू नका. फोटो काढा, मालकाला किंवा अ‍ॅपला त्याच क्षणी लेखी कळवा. एक रात्र राहून सकाळी तक्रार केली की बाजू कमकुवत होते. हॉटेलात खोली बदलून मागा, बऱ्याचदा मिळते. बंगल्यात बदलायला दुसरं काही नसतं, म्हणून परतावाच मागावा लागतो. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

२३. परदेशात जाताना हेच निकष लावायचे का?

आधी तिथला कायदा बघा. सिंगापूरमध्ये खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देणं बेकायदा आहे, तेव्हा चार दिवसांसाठी मिळणारा स्वस्त फ्लॅट नको. जपानमध्ये २०१८ च्या कायद्यानुसार अशी घरं नोंदणी करून वर्षाला जास्तीत जास्त १८० दिवस देता येतात. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नियम इतके कडक झाले की यजमान घरात नसलेला फ्लॅट थोड्या दिवसांसाठी मिळणं जवळपास संपलं. बार्सिलोनाने २०२८ पर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे परवाने बंद करायचं ठरवलं आहे. व्हिसाच्या अर्जात राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो, त्यासाठी हॉटेलचं बुकिंग सोपं पडतं. आठ दिवस वरण-भाताशिवाय राहता येत नाही अशी मंडळी सोबत असतील तर युरोपात परवानाधारक, ओटा असलेला फ्लॅट घ्या आणि कुकर घरून न्या.

२४. निघायच्या आदल्या दिवशी होमस्टेच्या घरून फोन आला की घरात कोणी गेलं आहे, सुतक आहे. आता?

असं होतं, कारण ते खरंच कोणाचं तरी घर असतं. माझ्या बाबतीत दोनदा झालं. दोन्ही वेळा त्या घरच्या माणसांनी स्वतःच वाडीतल्या दुसऱ्या घरी सोय करून ठेवली होती आणि आमचा अ‍ॅडव्हान्सही तिकडे पोहोचवला होता. अशा वेळी पैशांचा विषय आपण आधी काढू नये. पर्यायी जागा सुचवली तर तिचा पत्ता, खोल्या आणि जेवणाचं एवढंच विचारून घ्या. पर्याय नसेल तर सुट्ट्या सोडून बाकीच्या दिवसांत जवळपासच्या हॉटेलात किंवा एमटीडीसीत बहुतेक वेळा जागा मिळते. अ‍ॅपवरून बुकिंग असेल तर मालकाला त्याच्या बाजूने रद्द करायला सांगा, म्हणजे तुम्हाला पूर्ण रक्कम परत मिळेल. त्या गावात जाणार असाल आणि ओळख जुनी असेल, तर पाच मिनिटं जाऊन भेटून या.